अनुतापानंतरचा मांडव

यहुदी दिनदर्शिकेतील तिश्री हा महिना भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास येतो. ही दिनदर्शिका हिंदू पंचांगाप्रमाणेच चांद्रमासांवर चालते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून दर १९ वर्षांत ७ वेळा तिच्यात अधिक महिना धरला जातो, त्यामुळे तिश्रीची पौर्णिमा कित्येक वर्षी कोजागरीच्या आगेमागेच पडते. या एका महिन्यात यहुदी धर्मजीवनातील अगदी वेगळ्या वृत्तीचे दोन सण एकमेकांना खेटून उभे आहेत. १० तिश्रीला योम किप्पूर, म्हणजे पापक्षालनाचा दिवस येतो. त्या दिवशी सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य असते, स्नान, अभ्यंग, चामड्याची पादत्राणे आणि स्त्रीपुरुष-संग यांचाही त्याग असतो, आणि दिवसभर पापांचा उच्चार करीत, छातीवर मूठ आपटीत क्षमा मागितली जाते. त्यानंतर मध्ये अवघे चार दिवस सोडून १५ तिश्रीला सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सात दिवसांचा सण सुरू होतो, आणि प्रार्थनापुस्तकात या सणाला ‘आमच्या आनंदाचा काळ’ असेच नाव दिलेले आहे.

मूळ तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांमध्ये, या दोन सणांचा परस्परसंबंध स्पष्ट करून सांगितलेला नाही. सुक्कोथ हा तेथे पीक घरात आल्याचा सुगीचा सण आहे, आणि त्याबरोबरच मिसरमधून सुटल्यावर इस्राएली लोकांनी रानावनात काढलेल्या ४० वर्षांच्या मुक्कामाची आठवणही आहे. पुढच्या दोन हजार वर्षांत रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, या चार दिवसांच्या अंतरावर जे चिंतन केले, त्यातून मात्र अनुताप आणि आनंद यांच्याविषयीचा एक विलक्षण विचार आकाराला आला. मनुष्य आपल्या चुकीबद्दल रडला, पण क्षमा झाली यावर त्याचा विश्वासच बसला नाही, तर त्याचा अनुताप अर्धाच राहतो. उपवासानंतर चार दिवसांनी मोकळ्या मनाने आनंद करणे ही त्या क्षमेवर विश्वास ठेवण्याची कृती आहे, असा या विचाराचा गाभा सांगता येईल. सुक्कोथच्या विधींकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे वरवर केवळ हौसेचे वाटणारे कित्येक तपशील अर्थपूर्ण दिसू लागतात.

यहुदी परंपरेत अनुतापाला तेशुवा म्हणतात. पापापासून मागे फिरून ईश्वराकडे परतणे असा तिचा आशय असून, बाह्य प्रायश्चित्तापेक्षा मराठी संतांनी ज्या अंतरीच्या अनुतापाचा पुरस्कार केला त्याच्या ती अधिक जवळ आहे. कोर्दोबा येथे जन्मलेल्या आणि पुढे इजिप्तमध्ये राहिलेल्या मैमोनिदिस या १२व्या शतकातील तत्त्वज्ञ-वैद्याने आपल्या ‘मिश्ने तोरा’ या धर्मसंहितेत तेशुवेसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि त्यात पाप सोडणे, झाल्याचा पश्चात्ताप होणे, ते शब्दांत कबूल करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे ही तिची अंगे सांगितली. संपूर्ण तेशुवा कोणाची, याचे त्याने दिलेले उत्तर कठोर आहे: ज्याच्यापुढे तोच मोह, तशाच परिस्थितीत आणि अंगात तेच बळ असताना पुन्हा उभा राहतो आणि तरीही जो त्याला बळी पडत नाही, त्याची. माणसामाणसांतील अपराधांबाबत तर त्याच्याही हजार वर्षे आधीच्या मिश्नेने, म्हणजे इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मौखिक धर्मशास्त्राने, स्पष्ट बजावले आहे की, दुखावलेल्या माणसाची समजूत घातल्याखेरीज योम किप्पूरचा उपवास त्या पापाचे क्षालन करीत नाही. म्हणूनच उपवासापूर्वीच्या दिवसांत शेजारी, नातेवाईक, व्यवहारातले सोबती यांच्याकडे जाऊन माफी मागण्याची रीत पडली.

तेशुवेची जी मीमांसा सुक्कोथच्या संदर्भात महत्त्वाची ठरली, ती मात्र तालमूदातील, म्हणजे मिश्नेवरील विस्तृत चर्चाग्रंथातील, रेश लाकिश या पंडिताच्या नावावर आहे. परंपरेनुसार हा गृहस्थ तारुण्यात दरोडेखोर होता आणि नंतर धर्माकडे वळला, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा अधिकार त्याच्याइतका क्वचितच कोणाला असेल. त्याच्या नावावर दोन वचने सांगितली जातात: तेशुवेमुळे जाणूनबुजून केलेली पापे नकळत घडलेल्या चुकांसारखी होतात, असे एक, आणि तीच पापे पुण्यात जमा होतात, असे दुसरे. या दोहोंतील विसंगतीचा उलगडा तालमूदाने असा केला आहे की, पहिले भयापोटी केलेल्या तेशुवेला लागू आहे आणि दुसरे प्रेमापोटी केलेल्या तेशुवेला. शिक्षेच्या धाकाने मागे फिरलेल्या माणसाचा अपराध सौम्य होतो. प्रेमाने परतलेल्या माणसाचा तोच अपराध त्याला ईश्वराच्या अधिक जवळ आणणारी वाट ठरतो.

या भेदाच्या आधारे युक्रेनमधील बेर्दिचेव्हचे हसीदी, म्हणजे यहुदी भक्तिपंथाचे, गुरू रब्बी लेवी यित्झाक (१७४०–१८०९) यांनी एका जुन्या कोड्याची उकल केली. तोरातील लेवीय या ग्रंथात सुक्कोथच्या आरंभीच्या दिवसाला ‘पहिला दिवस’ म्हटले आहे; हा महिन्याचा पंधरावा दिवस असताना तो पहिला कसा, असा प्रश्न करून प्राचीन मिद्राशाने, म्हणजे शास्त्रवचनांच्या कथात्मक भाष्याने, उत्तर दिले होते की, तो पापांच्या मोजणीचा पहिला दिवस आहे. योम किप्पूरला जुना हिशेब पुसला जातो, मधल्या चार दिवसांत लोक मांडव उभारण्यात आणि सणाच्या वनस्पती मिळवण्यात इतके गुंतलेले असतात की पाप करायला त्यांना सवड नसते, म्हणून नवा हिशेब सुक्कोथपासून. लेवी यित्झाक यांना हे स्पष्टीकरण अपुरे वाटले. त्यांच्या मते रोश हशाना, म्हणजे १ तिश्रीचे नववर्ष, ते योम किप्पूर हे दहा दिवस न्यायाच्या भयाचे असतात, आणि सुक्कोथचे दिवस प्रेमाचे. भयाने केलेल्या तेशुवेत पापे केवळ पुसली जातात, तर प्रेमाने केलेल्या तेशुवेत ती पुण्ये होतात, म्हणून ईश्वर ती मोजायला सुक्कोथलाच आरंभ करतो, कारण आता ती मोजण्याजोगी झालेली असतात. जो भक्तसमाज गरिबी आणि छळ यांच्या छायेत जगत होता, त्याला उद्देशून केलेली ही मांडणी आहे हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातील करुणेची खोली कळते.

योम किप्पूरही सर्वस्वी दुःखाचा दिवस नव्हता. मिश्नेत रब्बान शिमोन बेन गमलीएल यांचे असे मत नोंदलेले आहे की, योम किप्पूर आणि आव महिन्याची पौर्णिमा यांच्याइतके आनंदाचे दिवस इस्राएलला दुसरे नव्हते. त्या दिवशी जेरुसलेमच्या मुली पांढरी वस्त्रे नेसून द्राक्षमळ्यांत नाचायला जात, आणि ती वस्त्रे प्रत्येकीने दुसरीकडून उसनी घेतलेली असत, म्हणजे जिच्याकडे चांगले वस्त्र नाही तिला खाली मान घालावी लागू नये. उपवास संपताना शोफार, म्हणजे एडक्याचे शिंग, फुंकले जाते. घरी परतून उपवास सोडल्यावर त्याच रात्री मांडवाच्या कामाला हात लावावा, असा प्रघात क्राको येथील १६व्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी नोंदवला आहे, आणि आजही अनेक घरांत त्या रात्री निदान एक खुंटी तरी ठोकली जाते. दिवसभर ज्या हाताने छातीवर मूठ आपटली, त्याच हाताने रात्री हातोडा उचलायचा, ही योजना या साऱ्या चिंतनाचे सार शरीराला शिकवते.

हा मांडव, ज्याला सुक्का म्हणतात, कसा असावा याची चर्चा मिश्नेच्या ‘सुक्का’ नावाच्याच ग्रंथभागात अतिशय बारकाईने केलेली आहे. त्याची उंची २० हातांहून अधिक नसावी, निदान दोन पुऱ्या भिंती आणि तिसरीचा थोडा भाग तरी असावा, तो झाडाखाली किंवा दुसऱ्या छपराखाली नसावा. खरे महत्त्व छताला आहे. छतावर घालायच्या आच्छादनाला स्खाख म्हणतात. ते जमिनीतून उगवलेले, पण जमिनीपासून तोडलेले असले पाहिजे, म्हणजे फांद्या, पाने, बांबू, गवत असे काही. ते इतके दाट असावे की मांडवात उन्हापेक्षा सावली जास्त पडेल, आणि तरीही त्यातून चांदण्या दिसाव्यात असा संकेत आहे. सात दिवस घरातले सर्व महत्त्वाचे व्यवहार या मांडवात करायचे असतात: जेवायचे, बसायचे, अभ्यास करायचा, जमेल तेथे झोपायचेसुद्धा. जोराचा पाऊस येऊन पानातले अन्न बिघडू लागले तर मात्र घरात जाण्याची मुभा आहे, कारण ज्याला मांडवात त्रास होतो त्याच्यावर मांडवात राहण्याचे बंधन नाही. या सवलतीमागचा विचार असा की देहाला क्लेश देणे हे या व्रताचे उद्दिष्टच नाही.

मग उद्दिष्ट कोणते? तालमूदात यावर रब्बी एलिएझेर आणि रब्बी अकिवा यांचा मतभेद नोंदलेला आहे. रानातल्या ज्या मांडवांची आठवण ठेवायची, ते एकाच्या मते ईश्वराने लोकांभोवती धरलेले तेजोमेघ होते, आणि दुसऱ्याच्या मते ऊन-वाऱ्यापासून बचावासाठी उभारलेल्या साध्या झोपड्या होत्या. वरवर पाहता चमत्कार आणि वास्तव यांच्यातला हा वाद आहे; पण मांडवात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे एकाच अनुभवाची दोन अंगे ठरतात, कारण पानांच्या विरळ छताखाली ज्याला सुरक्षित वाटते त्याला ती सुरक्षितता छताने दिलेली नसते. १३व्या शतकात स्पेनमध्ये प्रकट झालेल्या ‘झोहर’ या गूढवादी ग्रंथाने म्हणूनच सुक्केच्या सावलीला श्रद्धेची सावली म्हटले.

हा सण शरद ऋतूत का, हा प्रश्नही पंडितांना पडला होता. मिसरमधून सुटका झाली ती वसंतात, निसान महिन्यात, तेव्हा मांडवांची आठवणही वसंतातच करायला हवी होती. १४व्या शतकातील रब्बी याकोव बेन आशेर यांचे उत्तर असे की, वसंतात-उन्हाळ्यात सारेच लोक गारव्यासाठी मांडवात बसतात, त्यामुळे तेव्हा बसणारा ईश्वराच्या आज्ञेसाठी बसला आहे हे कळणार नाही. तिश्रीत मात्र पावसाच्या भीतीने लोक घरात परततात, आणि नेमके तेव्हाच व्रतस्थ माणूस बाहेर पडतो. फ्रान्समधील १२व्या शतकातील भाष्यकार रश्बाम यांनी याला सुगीची जोड दिली: खळ्यातले धान्य आणि कुंडातली द्राक्षे घरात आलेली असताना, हे सारे आपल्याच मनगटाच्या जोरावर मिळाले असे वाटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणून भरल्या घरातून उठून झोपडीत जाऊन बसायचे. योम किप्पूरला माणूस आपल्या दोषांपुढे नम्र होतो, हे त्या मानाने सोपे आहे. सुक्कोथला त्याने आपल्या यशापुढे नम्र व्हायचे असते.

आनंदाच्या बाजूचे सर्वांत भव्य चित्र जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातील आहे. हे मंदिर रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये जाळले. त्यापूर्वी सुक्कोथच्या दिवसांत सकाळी शिलोआहच्या झऱ्यावरून पाणी आणून ते वेदीवर ओतले जात असे, आणि आदल्या रात्री जो उत्सव चाले त्याला पाणी काढण्याचा सोहळा म्हणत. ज्याने हा सोहळा पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असा मिश्नेचा अभिप्राय आहे. मंदिराच्या आवारात उंच सुवर्णदीप लावले जात, ज्यांचा उजेड जेरुसलेमच्या अंगणाअंगणांत पोचे; लेवी वंशातील गायक-वादक वीणा, झांजा आणि कर्णे घेऊन १५ पायऱ्यांवर उभे राहत; आणि त्यांच्यापुढे मोठमोठे धर्मनिष्ठ पुरुष हातात मशाली घेऊन नाचत. लोकांचे पुढारी असलेले रब्बान शिमोन बेन गमलीएल आठ पेटत्या मशाली एकामागून एक हवेत फेकून झेलीत, असे तालमूद सांगतो.

या नाचणाऱ्यांच्या मुखी काय असे, हेही तालमूदाने जपून ठेवले आहे, आणि तेशुवेच्या दृष्टीने हा तपशील अमोल आहे. काही जण आपल्या तारुण्याला धन्य म्हणत, कारण त्याने त्यांच्या वार्धक्याला मान खाली घालायला लावली नाही. हे जन्मभर सन्मार्गाने चाललेले लोक. दुसरे काही आपल्या वार्धक्याला धन्य म्हणत, कारण त्याने तारुण्यातील दोषांचे क्षालन केले. हे तेशुवा केलेले लोक. दोघेही एकाच प्रांगणात, एकाच उजेडात, एकाच तालावर नाचत. पूर्वायुष्यात चुकलेल्या माणसाला तेथे कोपऱ्यात उभे राहावे लागत नव्हते, आणि आपला भूतकाळ लपवावाही लागत नव्हता. तो उघडपणे सांगणे हेच त्याचे गाणे होते. धर्मसमाजांनी पश्चात्तापी माणसाला दिलेल्या वागणुकीचा इतिहास पाहता, हे दृश्य किती दुर्मीळ आहे हे वेगळे सांगायला नको.

जेरुसलेमच्या तालमूदात याच सोहळ्याशी संदेष्टा योना याचे नाव जोडले आहे: पाणी काढण्याच्या सोहळ्याला तो गेला असताना त्याच्यावर ईश्वरी प्रेरणा उतरली, कारण ती प्रेरणा आनंदी अंतःकरणावरच उतरते. हा तोच योना, ज्याचा ग्रंथ योम किप्पूरच्या दुपारी प्रत्येक सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरात, वाचला जातो. निनवे नगरीला तिच्या पापांबद्दल इशारा देण्याचे काम टाळण्यासाठी तो पळाला, माशाच्या पोटात गेला, अखेर निनवेला पोचला, आणि लोकांनी खरोखरच अनुताप करून क्षमा मिळवली तेव्हा तो संतापून नगराबाहेर जाऊन बसला. ग्रंथात म्हटले आहे की, तेथे त्याने सावलीसाठी एक मांडव केला, आणि त्यासाठी शब्द सुक्का हाच वापरलेला आहे. सणाच्या मांडवात पाहुण्यांना बोलावण्याची आज्ञा आहे. योना मात्र आपल्या मांडवात एकटा बसतो, दुसऱ्यांना मिळालेली क्षमा त्याला सोसत नाही, आणि म्हणून त्या सावलीतही त्याला सुख लाभत नाही.

आनंदात इतरांना सामील करून घेणे हा येथे सौजन्याचा भाग नाही, तो आनंदाच्या व्याख्येचाच भाग आहे. तोरातील ‘अनुवाद’ या ग्रंथात सुक्कोथच्या आनंदाची आज्ञा देताना मुलगा-मुलगी, दास-दासी, लेवी, परका, पोरका आणि विधवा अशी यादीच दिलेली आहे. मैमोनिदिसाने यावरून निष्कर्ष काढला की, जो आपल्या दाराला कडी लावून बायकामुलांसह खातो-पितो आणि गरिबांना व दुःखितांना जेवू घालत नाही, त्याचा आनंद हा सणाचा आनंद नसून पोटाचा आनंद आहे. झोहरच्या परंपरेत हाच विचार उश्पिझिन, म्हणजे पाहुणे, या प्रथेच्या रूपाने आला: सातही रात्री अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद हे पूर्वज मांडवात पाहुणे म्हणून येतात असे मानून त्यांना आवाहन केले जाते, आणि त्यांच्या वाट्याचे अन्न गरिबांना पोचले नाही तर ते पाहुणे उठून जातात असे सांगितले जाते.

या प्रथेवर गिदी दार यांनी दिग्दर्शित केलेला ‘उश्पिझिन’ हा इस्रायली चित्रपट २००४ साली आला. नट शुली रँड हे स्वतः मध्यंतरी धर्मनिष्ठ जीवनाकडे वळलेले, आणि त्यांच्यासमोर पत्नीची भूमिका त्यांच्याच पत्नीने केली. जेरुसलेममधील एक निर्धन, निपुत्रिक हसीदी जोडपे सणासाठी पैसे नसल्यामुळे काकुळतीने प्रार्थना करते, अनपेक्षितपणे पैसे मिळतात, नवरा त्यांतला मोठा भाग एका अप्रतिम महाळुंगावर खर्च करतो, आणि मग मांडवात पाहुणे येतात ते त्याच्या पूर्वायुष्यातील ओळखीचे, तुरुंगातून निसटलेले कैदी. तेशुवा केलेल्या माणसापुढे त्याचा भूतकाळच पाहुणा म्हणून येतो आणि जुना रागही त्याच्यासोबत दारात उभा राहतो. मैमोनिदिसाची ती कठोर कसोटी येथे सणाच्या ताटावरच मांडलेली दिसते. हे जोडपे ज्या ब्रेस्लोव्ह पंथाचे आहे, त्याचे संस्थापक रब्बी नाखमान (१७७२–१८१०) स्वतः वारंवार खोल विषादाने ग्रासले जात, आणि तरीही, किंवा म्हणूनच, सदैव आनंदी राहणे हे थोर धर्मकर्तव्य असल्याचे त्यांनी आपल्या शिष्यांना शिकवले.

महाळुंग, ज्याला हिब्रूत एथ्रोग म्हणतात, हा सुक्कोथच्या चार वनस्पतींपैकी एक. उरलेल्या तीन म्हणजे खजुराची न उमललेली पाती, मर्टल या सुगंधी झुडपाच्या डहाळ्या आणि वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या फांद्या. त्या एकत्र हातात धरून सर्व दिशांना हलवल्या जातात. मिद्राशानुसार महाळुंगाला चव आणि गंध दोन्ही आहेत, खजुराला फक्त चव, मर्टलला फक्त गंध, आणि वाळुंजाला दोन्ही नाहीत. ज्ञान आणि सत्कर्म यांच्या बाबतीत माणसेही अशीच चार परींची असतात, आणि ईश्वर त्यांना एकत्र बांधायला सांगतो, म्हणजे ती एकमेकांच्या उणिवांचे क्षालन करतील. वाळुंज वगळला तर विधी अपुरा राहतो. चोरून आणलेल्या वनस्पतींनीही तो पुरा होत नाही, असे मिश्ना सांगते, कारण पापातून मिळवलेल्या साधनाने केलेले धर्मकृत्य ग्राह्य नसते.

या साऱ्या परंपरेचा एक वेगळाच, आणि मराठी वाचकाला विशेष जवळचा असा आविष्कार कोकणात झाला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या कुटुंबांचे वंशज अशी ज्यांची स्वतःविषयीची परंपरा आहे, ते बेने इस्रायल लोक शतकानुशतके कुलाबा जिल्ह्याच्या गावांत तेलाच्या घाण्याचा व्यवसाय करीत राहिले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले. हिब्रू ग्रंथ त्यांच्याजवळ उरले नव्हते, तरी सण उरले, आणि ते मराठी नावांनी उरले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या समाजेतिहासात ही नावे नोंदलेली आहेत: नववर्ष तो नव्याचा सण, त्याच्या पाठोपाठचा उपवास तो नव्याचा रोजा, योम किप्पूर तो दरफाळणीचा सण, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण, आणि त्याचा दुसरा दिवस तो शिळा सण. दरफाळणीला स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून लोक घरात उपवास करीत आणि परक्यांचा स्पर्शही टाळीत. पितरांचे आत्मे त्या वेळी घरी येतात असा समज होता. शिळ्या सणाला दारे उघडत, गरिबांना दानधर्म केला जाई आणि आप्तेष्टांच्या भेटी होत.

सुक्कोथ मात्र या स्मृतीतून त्याच्या ग्रंथोक्त रूपात निसटला होता. तिश्रीच्या आरंभी नव्या तांदळाची नारळाच्या रसातली खीर करून धूप जाळून खिरीचा सण साजरा होई, आणि काही अभ्यासकांनी त्यात सुक्कोथच्या सुगीचा धागा पाहिला आहे. १९व्या शतकात कोचीनहून आलेले यहुदी शिक्षक, मराठीतून उपलब्ध झालेले धर्मग्रंथ आणि १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेल्या शाआर हरहमीम, म्हणजे दयेचे द्वार, या पहिल्या सिनेगॉगापासून सुरू झालेले सार्वजनिक उपासनेचे पर्व यांमुळे मांडवाचा सण परतला. पुण्यात रास्ता पेठेत १९२१ साली उभ्या राहिलेल्या सिनेगॉगचे नावच सुक्कथ शेलोमो आहे. कोकणात आणि मुंबईत सिनेगॉगच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांचे छत घालून मांडव उभारला जातो. ज्या समाजाला पानांच्या छपराखाली सावली धरण्याची कला धर्मग्रंथातून शिकावी लागली नाही, त्याच्या हातात हा विधी स्वाभाविकपणे येऊन बसला असला पाहिजे. १९४८ नंतर यातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, आणि लोद, अश्दोद, दिमोना अशा गावांत मराठी बोलणाऱ्या घरांचे मांडव उभे राहू लागले.

आज्ञेने केलेला आनंद खरा असू शकतो काय, या शंकेला तत्त्वज्ञानाने दिलेल्या उत्तरांपेक्षा इतिहासाने दिलेली उत्तरे अधिक बोलकी आहेत. सुक्कोथच्या शेवटी सिमहाथ तोरा हा दिवस येतो, ज्या दिवशी तोराचे वर्षभराचे वाचन संपवून लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि ग्रंथाच्या गुंडाळ्या हातात घेऊन नाचतात. १९६०च्या दशकात सोव्हिएत रशियात धर्मशिक्षणावर बंदी असताना, ज्यांना हिब्रूचे एक अक्षरही वाचता येत नव्हते असे हजारो तरुण या रात्री मॉस्कोच्या अर्खिपोव रस्त्यावरील सिनेगॉगबाहेर जमून नाचत. लेखक एली वीझेल यांनी १९६५ मध्ये हे पाहिले आणि पुढच्या वर्षी आपल्या पुस्तकातून जगापुढे आणले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये हाच सण असताना हमासने हल्ला केला आणि सुमारे १,२०० माणसे मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये तेथील आरोग्य खात्याच्या गणनेनुसार ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी नाचावे की नाचू नये, हा प्रश्न अनेक सिनेगॉगांनी उघडपणे चर्चिला. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि परक्या माणसांनाही मांडवात बसवायला सांगणाऱ्या सणापुढे तो केवळ स्वतःच्या मृतांपुरता मर्यादितही राहू शकत नाही.

सणाचा सातवा दिवस, होशाना रब्बा, तेशुवेला पुन्हा समोर आणतो. योम किप्पूरला लिहिलेल्या निवाड्यावर अखेरची मोहर या दिवशी लागते अशी श्रद्धा असल्यामुळे अनेक ठिकाणी प्रार्थना सांगणारा पुन्हा पांढरी वस्त्रे घालतो, वेदिकेभोवती सात फेऱ्या होतात, आणि शेवटी वाळुंजाच्या, म्हणजे ज्याला ना चव ना गंध त्या झाडाच्या, फांद्या जमिनीवर आपटल्या जातात. दुसऱ्या दिवशी, शेमिनी अत्सेरेथला, पावसासाठी प्रार्थना होते, कारण इस्रायलच्या भूमीत पावसाळा आता सुरू व्हायचा असतो आणि वर्षाचे पीक त्यावरच अवलंबून असते. सणाच्या सात दिवसांत मात्र पाऊस मागितला जात नाही, कारण मांडवात बसलेल्यांना तो शिक्षा वाटेल.

प्रार्थनेत पावसाचे सामर्थ्य आठवायला या दिवसापासून सुरुवात होते, पण पाऊस प्रत्यक्ष मागण्याचे शब्द इस्रायलमध्ये मारहेश्वान महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, म्हणजे सण संपल्यावर आणखी १५ दिवस, उच्चारले जात नाहीत. मिश्नेतील रब्बान गमलीएल यांनी याचे कारण दिले आहे: जेरुसलेमला सणासाठी आलेल्या यात्रेकरूंपैकी सर्वांत लांबचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत पोचायला तेवढे दिवस लागतात, आणि तो भिजू नये. मंदिर जाऊन १,९५० वर्षे उलटली, पायी परतणारे यात्रेकरू उरले नाहीत, तरी शेतांना पाण्याची गरज असतानाही इस्रायलमधील सिनेगॉगांत ते १५ दिवस आजही थांबले जाते.